परजीवी माश्या: कुळं किती, आणि अळी यजमानात शिरते कशी?

कीटकवेडी

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. निमित्त एका सुरवंटाचं. बरणीत पाळला होता, रोज ताजी पानं, वर जाळीचं झाकण, सगळं नीट चाललेलं, आणि त्याच्या मानेजवळ एक बारीक पांढरा ठिपका होता तो मला दिसत होता पण मी म्हटलं रंगच तसा असेल. सुरवंटाने कोष केला, काही दिवसांनी कोषाला भोक, आणि बरणीच्या तळाशी एक तपकिरी, गुळगुळीत, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी कुपी पडलेली. पुढे दोनेक आठवड्यांनी त्या कुपीतून माशी निघाली. करडी, अंगावर राठ काळे केस, घरमाशीची थोरली बहीण शोभेल अशी. तो पांढरा ठिपका म्हणजे तिच्या आईने चिकटवलेलं अंडं होतं. फुलपाखरू गेलं याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्या दिवसापासून या माश्यांनी मला जे धरलंय ते सोडलेलं नाही.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपण मधमाशी म्हणतो, गांधीलमाशी म्हणतो, कुंभारमाशी म्हणतो, पण यातली एकही शास्त्राच्या अर्थाने माशी नाही, त्या सगळ्यांना चार पंख असतात. खऱ्या माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गदा असतात, उडताना तोल सांभाळायला. म्हणून गणाचं नाव डिप्टेरा, द्विपंखी. डास आणि चिलटंही यातच. आजवर नावं दिलेल्या जाती दीड लाखाच्या वर आहेत.

यात "परजीवी माश्या" नावाचा कुठलाही एक गट नाही, हे मला सगळ्यात आधी सांगायचंय. गांधीलमाश्यांच्या वंशवृक्षात दुसऱ्या किड्याच्या अंगावर वाढायची सवय बहुधा एकदाच उगवली आणि पुढच्या हजारो जातींना ती वारशात मिळाली, सोबत अंडं टोचायची सुई पण मिळाली. माश्यांत तसं नाही. इथे ही सवय वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा, आपापली उगवलीय. कुजक्या मांसावर जगणाऱ्यांच्यात उगवली, मातीत किडे शोधत फिरणाऱ्या अळ्यांच्यात उगवली, शेणावर वाढणाऱ्यांच्या नात्यात उगवली. आणि त्यांच्या हाती सुई नव्हती. माशीची अंडं घालायची नळी मऊ, दुर्बिणीसारखी आतबाहेर होणारी, तिने कातडी फुटत नाही. मग यजमानाच्या, म्हणजे ज्याला खाऊन अळी वाढणार त्याच्या, अंगात शिरायचं कसं? माझ्या मते या अख्ख्या विषयाची किल्ली या प्रश्नात आहे, कारण प्रत्येक कुळाने त्याचं उत्तर वेगळं काढलंय आणि बऱ्याचदा शिरायचं काम आईने अळीवर टाकलंय.

आता कुळं. जुन्या पुस्तकांत माश्यांचे दोन भाग असायचे, लांब मिशांच्या (डास वगैरे) आणि आखूड मिशांच्या. आखूडवाल्या त्या लांबवाल्यांतूनच फुटलेली एक फांदी आहेत, म्हणून "लांब मिशांच्या" हा नैसर्गिक गट आता धरत नाहीत, सोयीसाठी म्हणतात एवढंच. परजीवींची गर्दी आहे ती या आखूडवाल्यांत.

त्या फांदीच्या बुडाशी बॉम्बिलिडी. केसाळ, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या, फुलांवर हवेत एका जागी थांबून मध पिणाऱ्या. यातल्या काही जातींची मादी पोटाच्या टोकाला असलेल्या कप्प्यात धूळ-वाळू भरून घेते, अंडी त्यात घोळवते, आणि जमिनीत घर करणाऱ्या एकट्या मधमाशीच्या बिळाच्या तोंडाशी तरंगत पोटाला झटका देऊन एकेक अंडं आत भिरकावते! अळी आत सरपटत जाते, मधमाशीची अळी पोसून मोठी होईपर्यंत वाट बघते आणि मग तिला खाते. त्यांच्याच आसपास ॲक्रोसेरिडी, इवलंसं डोकं आणि फुगलेलं पोट, यांचं लक्ष्य कोळी. आई कोळ्याच्या जवळसुद्धा जात नाही, नुसती ढिगाने अंडी टाकते, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी स्वतः चालत, उड्या मारत कोळी गाठते, त्याच्या पायावरून चढून आत शिरते आणि त्याच्या फुफ्फुसाशी श्वास घेत राहते, कधी कधी कित्येक वर्षं.

थोडं वर आलं की फोरिडी आणि पिपुन्क्युलिडी. पिपुन्क्युलिडीचं डोकं म्हणजे जवळजवळ नुसते दोन डोळे, आणि यांचं गिऱ्हाईक तुडतुडे. फोरिडीत स्युडाक्टिऑन नावाचा वंश आहे, मुंग्यांवरचा. मादी क्षणात मुंगीच्या छातीत अंडं घालते, अळी सरकत डोक्यात जाते, शेवटी डोकं धडाला जोडणारा पडदा विरघळवते, डोकं गळून पडतं आणि अळी त्या रिकाम्या डोक्यातच कोष करते. त्याच कुळातली युरीप्लॅटिया नानकनिहाली थायलंडमधे सापडली, २०१२ साली तिचं वर्णन छापून आलं, लांबी ०.४ मिलिमीटर, तोवर माहीत असलेली सगळ्यात छोटी माशी.

मग कोनोपिडी, त्या मधमाश्यांना उडता उडता धरतात. आणि सगळ्यात वरच्या फांदीवर, पंखाच्या मुळाशी झापड असलेल्यांत, ईस्ट्रॉइडिया नावाचं मोठं घराणं: टॅकिनिडी, ईस्ट्रिडी, सार्कोफॅगिडी, कॅलिफोरिडी, ऱ्हिनोफोरिडी वगैरे. माझी बरणीतली पाहुणी टॅकिनिडी. एकट्या या कुळात साडेआठ हजारांच्या आसपास जाती आणि झाडून सगळ्या दुसऱ्या किड्यांवर किंवा त्यांच्या जातभाईंवर वाढणाऱ्या. हिच्यावर सविस्तर लिहीनच, पण आधी तुम्ही बोला.

शब्दखूण

धागा फार आवडला. एक भाषेचा मुद्दा. "परजीवी" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गोचीड, जंत, ऊ येते, म्हणजे यजमान जिवंत राहतो आणि हा त्याच्या जिवावर जगतो. तुमच्या सुरवंटाचं तसं नाही, तो मेलाच, मरणारच होता. यासाठी इंग्रजीत पॅरासिटॉइड हा वेगळा शब्द आहे, फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ रॉयटर यांनी तो १९१३ साली रूढ केला. मराठीत दोन्हीला परजीवी म्हणून आपण मोठा फरक पुसतोय असं मला वाटतं. "मारक परजीवी" कसा वाटतो? "परभक्षी" नको, तो वाघ-कोळी यांच्यासाठी आहे, ते एकामागून एक सावजं खातात, इथे एका अळीला आयुष्यभराला एक यजमान पुरतो.

कीटकवेडी

शब्दखूण, मारक परजीवी चांगला आहे, यापुढे तोच वापरते. आणि तुमचा मुद्दा माश्यांच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचा, कारण इथे दोन्ही प्रकार एकाच घराण्यात शेजारी शेजारी नांदतात. टॅकिनिडी यजमानाला मारतात, आणि त्यांच्या नात्यातल्या ईस्ट्रिडी घोड्याच्या पोटात महिनोन्महिने राहतात, घोडा आपला चालत असतो.

दुर्बीणवाला

मस्त लिहिलंय, पण एक दुरुस्ती. "माश्यांकडे सुई नाही" हे सरसकट नको. पिपुन्क्युलिडीच्या मादीला टोचायची कडक नळी असते, ती तुडतुड्याला उचलून हवेतच अंडं घालते. स्युडाक्टिऑनची पण टोकदार असते. आणि कोनोपिडीच्या मादीच्या पोटाखाली एक पुढे आलेला कडक भाग असतो, त्याने ती मधमाशीच्या पोटाचे दोन वलयं उचकटते, डबा उघडावा तसं, आणि मधल्या फटीत अंडं सारते. म्हणजे सुई वारशात मिळाली नाही हे बरोबर, पण काहींनी ती नव्याने, प्रत्येकीने वेगळ्या भागापासून घडवली. हे तुमच्या मुद्द्याला उलट बळकटच करतं.

आता ओळखायचं कसं, कारण फोटो काढून "ही कुठली माशी" विचारणारे खूप असतात. टॅकिनिडी ओळखायला अंगावरचे राठ केस बघू नका, ते इतरांनाही असतात आणि काही टॅकिनिडींना जवळजवळ नसतात. फेजिया आणि तिच्या बहिणी बघा, गुळगुळीत, रंगीत, पंखांवर नक्षी. नक्की खूण हवी तर बाजूने बघायचं. छातीच्या मागच्या टोकाला वर एक ढाल असते, त्या ढालीच्या बरोब्बर खाली दुसरी एक फुगीर उशी दिसली तर टॅकिनिडी. घरमाशीला ती उशी नसते, मांसमाशीलाही नसते. भिंग लागतं, आणि फोटो वरून काढला असेल तर काही उपयोग नाही, त्यामुळे माझी सगळ्यांना कळकळीची विनंती, एक फोटो बाजूने काढत जा.

उपकुळं चार: एक्झोरिस्टिनी, टॅकिनिनी, डेक्सिनी, फेजिनी. ढोबळ मानाने पहिल्या दोघींचा ओढा सुरवंटांकडे, डेक्सिनींचा भुंगेऱ्यांच्या अळ्यांकडे, म्हणजे हुमणीसारख्या मातीतल्या किंवा लाकडातल्या, आणि फेजिनी ढेकणांच्या जातवाल्यांवर. अपवाद भरपूर. पण यजमान कोण हे कळलं तर माशी ओळखायचं अर्धं काम होतं, त्यामुळे कीटकवेडींनी सुरवंटाचं नाव लिहून ठेवलं असेल तर फार मोलाचं आहे.

नवखा

मी या विषयात अगदीच नवीन, एक प्रश्न छळतोय. सुरवंटाच्या अंगात परकी अळी शिरली तर त्याचं शरीर काहीच करत नाही का? आणि ती आत श्वास कशी घेते, बुडत नाही का?

कीटकवेडी

नवखा, या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग विचारलात. करतं ना, शरीर नक्की करतं. किड्यांच्या रक्तातल्या पेशी परक्या वस्तूला चहूबाजूंनी घेरतात, थरावर थर चढवतात, ते थर काळे-कडक होतात आणि आतला जीव गुदमरून मरतो. गांधीलमाश्यांच्या अळ्या यावर विषाने, विषाणूंनी मात करतात. टॅकिनिडीची अळी काय करते तर यजमान भिंत बांधायला लागला की ती त्याला बांधू देते, फक्त आपलं मागचं टोक, जिथे श्वासाची भोकं असतात, ते कातडीतल्या भोकाशी किंवा यजमानाच्या श्वासनळीशी लावून ठेवते. पेशी तिच्याभोवती थर चढवत जातात आणि त्याचं होतं नरसाळं, एक टोक बाहेरच्या हवेला उघडं. त्या नरसाळ्यात मागचा भाग अडकवून अळी पुढे खात बसते. तिला मारायला बांधलेली भिंत तिची श्वासाची नळी होते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परिच्छेद तीनदा वाचला होता.

आता शिरायच्या तऱ्हा, म्हणजे या कुळातल्याच.

एक, माझ्या सुरवंटाची. मोठं, पांढरं, वर फुगीर खाली सपाट अंडं कातडीवर चिकटवायचं, आणि अळी खालून सरळ कातडी पोखरून आत. रेशीमकिड्यांवरची उझी माशी हीच पद्धत वापरते, अळी शिरली तिथे काळा डाग राहतो त्यावरून रेशीमवाले ओळखतात. यात धोका असा की सुरवंटाने त्याआधी कात टाकली तर अंडं कातीबरोबर जातं, म्हणून बऱ्याच जाती डोक्याच्या मागे चिकटवतात, जिथे त्याचा जबडा पोचत नाही.

दुसरी तऱ्हा मला जास्त थक्क करते. गोनिनी नावाच्या गटात मादी सुरवंटाला हातच लावत नाही. धुळीच्या कणासारखी बारीक अंडी हजारोंनी पानांवर पेरते, बऱ्याचदा जिथे पान कुरतडलेलं आहे तिथेच, कारण कुरतडलेल्या पानाचा वास तिला कळतो. सुरवंट पानाबरोबर अंडं गिळतो, ते पोटात फुटतं, अळी आतडं भेदून पलीकडे जाते आणि एखाद्या ग्रंथीत किंवा स्नायूत दडून बसते, सुरवंट पुरेसा मोठा होईपर्यंत.

तिसरी, अंडं पोटातच उबवून जिवंत अळी ठेवायची. काही जाती ती मातीवर किंवा लाकडाच्या भुश्यावर सोडतात आणि अळी अंधारात बोगद्यातून यजमान हुडकत जाते. जिथे आईला शिरताच येत नाही अशा ठिकाणी राहणाऱ्या अळ्यांसाठी दुसरा उपायच नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे माझ्या माश्या वेगळ्या. तुम्ही किड्यांवरच्या लिहिताय, मी सस्तन प्राण्यांवरच्या लिहितो. जनावराच्या जखमेत अळ्या पडणं हा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना वास सांगता येत नाही. शास्त्रात जिवंत शरीरातल्या अळ्यांच्या या प्रकाराला मायासिस म्हणतात.

आधी ईस्ट्रिडी. दीडशेच्या आसपास जाती, आणि मोठ्या माश्यांची तोंडं जवळजवळ झडलेली, त्या काही खातच नाहीत, अळीपणी साठवलेल्या चरबीवर काही दिवस जगून अंडी घालून मरतात. चार उपकुळं आणि चौघींची जागा ठरलेली. मेंढीच्या नाकातली ईस्ट्रस ओव्हिस उडता उडता नाकपुडीत जिवंत अळ्या फवारते, मेंढ्या नाकं जमिनीत खुपसून उभ्या राहतात ते उगाच नाही. क्वचित माणसाच्या डोळ्यात पण फवारते, धनगरांना आणि मेंढ्यांजवळ राहणाऱ्यांना होतं. घोड्याच्या पोटातली गॅस्टरोफिलस, हिची एक जात पुढच्या पायाच्या केसांना अंडी चिकटवते, घोडा चाटतो, जिभेची ऊब आणि ओल लागली की अंडं फुटतं, अळी आधी जिभेत, मग जठरात आकड्यांनी लटकते. तिथे हवा जवळपास नसते, म्हणून या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, किड्यांत दुर्मिळ गोष्ट आहे ही. गेंड्याच्या पोटातली जायरोस्टिग्मा ही याच गटातली, आफ्रिकेतली सगळ्यात मोठी माशी, आणि गेंडा संपला तर ती पण संपेल, तिच्यासाठी मात्र कुणी मोर्चा काढत नाही.

हायपोडर्मा गुरांच्या कातडीखालची. अळी पायाजवळ शिरते आणि महिनोन्महिने शरीरात प्रवास करून पाठीवर येते, तिथे गाठ, गाठीला श्वासाचं भोक. वाटेत एक जात अन्ननलिकेजवळ थांबते आणि दुसरी, हायपोडर्मा बोव्हिस, पाठीच्या कण्याच्या पोकळीत. हे वर्गीकरण पुस्तकी नाही बरं का. कण्यात असताना औषध देऊन अळ्या मारल्या तर तिथे सूज येऊन जनावर मागच्या पायांनी लुळं पडू शकतं, म्हणून औषधाचा महिना कुठली जात आहे यावरून ठरतो.

चौथी अमेरिकेतली, क्युटेरेब्रा आणि डर्माटोबिया. डर्माटोबिया होमिनिस माणसाजवळ स्वतः येत नाही, डास पकडते, त्याच्या अंगाला अंडी चिकटवते आणि सोडून देते. डास रक्त प्यायला बसला की कातडीच्या उबेने अळी बाहेर.

आता खरी गोष्ट. कॅलिफोरिडीतल्या बहुतेक निळ्या-हिरव्या माश्या मेलेल्या मांसावर जगतात, पण कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्स ही जिवंत मांसच खाते. कॉकरेल यांनी १८५८ मधे माणसात सापडलेल्या अळ्यांवरून हिचं वर्णन केलं, नावाचा अर्थच माणूस खाणारी. वासराची ताजी नाळ, गोचिडीने चावलेली जागा, एवढं तिला पुरतं, दोनतीनशे अंडी, आणि अळ्या स्क्रूसारख्या आत घुसत जातात, एकीच्या वासाने दुसरी माशी येते. निपलिंग आणि बुशलँड या दोन अमेरिकी कीटकशास्त्रज्ञांनी लक्षात घेतलं की हिची मादी आयुष्यात सहसा एकदाच नराशी संग करते. मग किरणांनी नर वांझ करून प्रचंड संख्येने सोडले तर? १९५४ मधे कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर केलं आणि काही महिन्यांत बेट साफ झालं. पुढे अमेरिका, मेक्सिको, मध्य अमेरिका करत २००६ पर्यंत पनामापर्यंत मागे रेटली. १९८८ ला ती लिबियात सापडली, आफ्रिकेत पहिल्यांदाच, तेव्हा मेक्सिकोतून विमानाने वांझ माश्यांचे कोष नेऊन तिथूनही संपवली. दोघांना १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण २०२३ मधे पनामात तिने पुन्हा उचल खाल्ली आणि २०२४ च्या शेवटी मेक्सिकोत पोचली. मला याची मनापासून काळजी वाटते. शेजारी देश साफ झाला म्हणून जखमा बघणं सोडलं की ही येते. आशिया-आफ्रिकेतली तिची जोडीदार क्रायसोमाया बेझियाना, वंश वेगळा, सवय तंतोतंत तीच. कीटकवेडी म्हणतात तसं, सवय दोनदा उगवली.

भुईचाफा

डॉक्टर, अंगावर काटा आला, पण वाचत राहिले.

मला ओर्मिया ओक्रासियाबद्दल लिहायचंय, टॅकिनिडीच आहे पण रात्री उडणारी. ही रातकिड्याच्या नराचं गाणं ऐकून त्याच्यावर येते. माशी आणि कान! तिचे कान मानेखाली छातीवर, दोन्ही पडदे एकमेकांना खेटून. आता आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं कारण दोन कानांत अंतर आहे, एका कानाला क्षणभर आधी पोचतो. हिच्या कानांत अंतर मिलिमीटरभर पण नाही, फरक पडतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा, दीड भाग वगैरे. पण दोन्ही पडदे एका तरफेने जोडलेत, सी-सॉ सारखे, एक दाबला की दुसरा हलतो, आणि तो फरक कित्येक पटीने मोठा होतो. दोन अंशांपर्यंत अचूक दिशा. याच धर्तीवर बारीक मायक्रोफोन बनवायचं काम चाललंय, ऐकायला कमी येणाऱ्यांच्या यंत्रांसाठी. माझ्या घरात एकाला ते यंत्र आहे म्हणून मी हे शोधून शोधून वाचलं.

आणि हवाईतल्या कौआई बेटावरचं. तिथे रातकिडाही बाहेरून आलेला आणि माशीही. माशीने एवढे गाणारे नर खाल्ले की बेट मुकं होत गेलं. जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक यांच्या गटाला २००३ मधे तिथे रातकिडे भरपूर दिसले पण आवाज नाही, पंखांवरची गाण्याची करवत जवळजवळ सपाट झालेली. जेमतेम वीसेक पिढ्यांत. मुके नर मग उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराच्या आसपास थांबतात आणि गाणं ऐकून आलेली मादी मधल्यामधे गाठतात. मला हे वाचून फार वेळ काही सुचलं नव्हतं.

दुर्बीणवाला

अजून एक घराणं राहिलं, हिप्पोबॉस्कॉइडिया. यात मोठ्या माश्या परजीवी, अळ्या नव्हेत, म्हणजे वरच्या सगळ्यांच्या बरोब्बर उलट. गुरांच्या अंगावर चिकटणारी चपटी, चिवट, चिमटीत धरून दाबली तरी न मरणारी माशी बघितलीय ना, ती हिप्पोबॉस्का. आपल्याकडे हिला गोमाशी म्हणतात, पण गुरांना त्रास देणाऱ्या इतरही माश्यांना तोच शब्द वापरतात, त्यामुळे नुसतं गोमाशी लिहिलं तर कुठली ते कळत नाही. कबुतरांवरची स्युडोलिंकिया, मेंढीवरची बिनपंखांची मेलोफेगस, आणि वटवाघळांवरच्या निक्टेरिबिडी, ज्यांना पंख नाहीत, डोकं मागे पाठीवर मुडपलेलं, बघणारा शंभरात नव्वद वेळा कोळीच म्हणणार.

यांचं बाळंतपण बघा. एका वेळी एकच अळी, पोटातल्या पिशवीत, आणि आईच्या ग्रंथीतून दुधासारखा रस पिऊन पूर्ण वाढेपर्यंत आतच. बाहेर आली की लगेच कोष. जुन्या पुस्तकांत म्हणूनच यांना "कोष प्रसवणाऱ्या" म्हणायचे. निद्रारोग पसरवणारी त्सेत्से पण यांचीच नातेवाईक, दूध पाजणं तेच. त्सेत्सेला परजीवी म्हणायचं की नुसती रक्त पिणारी, डासासारखी? मी परजीवी म्हणणार नाही, ती येते, पिते, जाते. मेलोफेगस सगळं आयुष्य मेंढीच्या लोकरीत काढते.

शब्दखूण

त्सेत्सेबद्दल मी असहमत. राहण्यावरून ठरवलं तर गॅलापागोसमधली फिलोर्निस कुठे टाकाल? मोठी माशी फळं वगैरे खाते, पक्ष्याला शिवत नाही, अळ्या मात्र घरट्यात राहून पिल्लांचं रक्त पितात आणि डार्विनच्या फिंच पक्ष्यांची पिल्लं त्यात मरतात. आणि कुळ कुठलं तर म्युसिडी, घरमाशीचं! परजीवी हा शब्द आयुष्याच्या एका टप्प्यालाच लावावा, अख्ख्या माशीला नाही, असं मला आता वाटायला लागलंय.

दुर्बीणवाला

फिलोर्निसचा दाखला मान्य. टप्प्याला लावायचा हे पटलं. त्सेत्से तरीही माझ्या यादीत नाही.

पायवाट

मग या टॅकिनिडी वाढवून पिकांवर सोडल्या तर औषध फवारायलाच नको की! घाटेअळी, खोडकिडा, सगळ्यांवर सोडायच्या.

कीटकवेडी

पायवाट, आहेत तशा यशाच्या गोष्टी, पण मी आधी काँप्सिल्युरा काँसिनाटा या टॅकिनिडीची सांगते, कारण ती सांगितली जात नाही. १९०६ मधे ही युरोपातून अमेरिकेत नेऊन सोडली, जंगलं फस्त करणाऱ्या जिप्सी पतंगाच्या सुरवंटांवर. अडचण अशी की जिप्सी पतंगाची वर्षाला एक पिढी आणि या माशीच्या तीनचार. मधल्या पिढ्यांनी खायचं काय? दुसरे सुरवंट. दीडशेहून जास्त जातींवर ती वाढते, आणि तिथले मोठे सुंदर रेशमी पतंग कमी झाले त्यात हिचा मोठा वाटा आहे असं २००० च्या सुमाराला झालेल्या प्रयोगांतून दिसलं. सोडलेली माशी परत बोलावता येत नाही. म्हणून आता सोडण्याआधी कुठल्या यजमानांवर वाढते, किती नेमकी आहे हे वर्षानुवर्षं तपासतात. मुंग्यांवरच्या स्युडाक्टिऑनचं तसं झालं, त्या विशिष्ट मुंग्यांखेरीज दुसरीकडे फारशा वळत नाहीत, म्हणून दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेत आलेल्या आगमुंगीवर त्या सोडल्या. त्यांचा फायदा मुंग्या मारण्यात कमी आणि घाबरवण्यात जास्त, माशी वर घिरट्या घालायला लागली की मुंग्या अन्न सोडून दडतात.

माझं मत, बाहेरून आणून सोडण्यापेक्षा ज्या शेतात आधीच आहेत त्यांना फवारणीने मारू नये. मोठ्या माशीला मध लागतो, फुलं लागतात. बांधावर फुलं असली की त्या थांबतात.

भुईचाफा

कोनोपिडीबद्दल एक राहिलं. भुंग्याच्या जातीतली जाडजूड केसाळ बंबलबी कामकरीण, पोटात कोनोपिडीची अळी असली तर रात्री घरट्यात परतत नाही, बाहेर थंडीत राहते, थंडीने अळीची वाढ मंदावते. म्हणजे इथे मधमाशीचा फायदा. पण मरणाच्या आधी तीच मधमाशी माती उकरून स्वतःला पुरून घेते, आणि यात फायदा माशीचा, कारण तिचा कोष मेलेल्या मधमाशीच्या पोटात हिवाळाभर मातीत सुरक्षित राहतो. एकाच शरीरात आधी एकीचं चालतं आणि मग दुसरीचं.

नवखा

सगळं वाचून काढलं, दोनदा. माझ्याकडे पण एक बरणी आहे, परवा कोष फाटून तशीच तपकिरी कुपी पडली. फेकणार होतो. आता काय करू?

कीटकवेडी

फेकू नका! ती कुपी म्हणजे अळीची शेवटची कातच, ती न टाकता कडक केलेली, माशीचा खरा कोष तिच्या आत असतो. जरा ओलसर, भिजलेल्या नव्हे, मातीवर ठेवा, वर कापडाचं झाकण. बाहेर येताना माशी कपाळातून एक फुगा फुगवून टोपण उचकटते, तो फुगा नंतर आत जातो आणि कपाळावर फक्त एक कमानदार रेघ राहते. ते बघायला मिळालं तर लिहा इथे. माशी निघाली की लगेच पकडू नका, पंख वाळून ताठ व्हायला आणि रंग पक्का व्हायला एक दिवस द्या. आणि रिकामी कुपी टाकू नका, तिच्या मागच्या टोकाला श्वासाच्या भोकांची नक्षी असते, जातीनुसार वेगळी. माशी, कुपी, सुरवंटाचं झाड आणि शक्य तर सुरवंटाचा फोटो, सगळं एकत्र ठेवा, तारीख घालून. वेगवेगळं ठेवलं की कुणाचं कोण ते कळत नाही.

दुर्बीणवाला

आणि फोटो बाजूने.

नवखा

कुपी मातीवर ठेवली. एक टोक आज जरा गडद वाटतंय. सुरवंट करंजाच्या पानांवर होता, फोटो आहे माझ्याकडे, तारखेसकट.